घटक ४ : दिएगो व्हेलास्केझ – बालचित्रांतील प्रकाश आणि भाव

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

• व्हेलास्केझ या चित्रकाराच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• राजघराण्यातील मुलांची चित्रे कोणत्या गरजेतून रंगवली जात, हे स्पष्ट करता येईल.
• चित्रातील प्रकाश, रंग आणि परिसर यांतून भाव कसा प्रकट होतो, हे उदाहरणांसह मांडता येईल.
• चित्रात प्रत्यक्ष दिसणारे आणि चरित्रातून कळलेले यांत फरक करून चित्राविषयी लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जुन्या काळी स्टुडिओत काढलेली लहान मुलांची छायाचित्रे तुम्ही अनेक घरांत पाहिली असतील. नवे कपडे घातलेले, केस चापूनचोपून बसवलेले, हलू नकोस असे दहा वेळा बजावलेले ते मूल समोर एकटक पाहत असते. छायाचित्रात मूल असते, पण त्याचे मूलपण बहुधा नसते. असे असूनही एखाद्या छायाचित्रापाशी आपण थबकतो. चेहरा तोच, गप्प आणि शहाणा. तरीही त्यात काहीतरी हलते आहे असे वाटते. हे हलणे कोठून येते?

सतराव्या शतकातील स्पेनच्या दरबारात एका चित्रकाराला हा प्रश्न आयुष्यभर सोडवावा लागला. त्याच्यासमोर उभी राहणारी मुले राजाची होती. सार्वजनिक प्रसंगी चेहऱ्यावरील रेषाही न हलवणे हा त्या दरबाराचा शिष्टाचार होता आणि तो मुलांनाही लहानपणापासून शिकवला जाई. हसरे मूल किंवा रडवेले मूल रंगवण्याची मुभा दरबारी चित्रकाराला नव्हती. चेहऱ्याने बोलायचे नाही, हे ठरलेलेच होते. अशा वेळी दिएगो व्हेलास्केझने भाव व्यक्त करण्याचे काम प्रकाशाकडे सोपवले. केसांच्या कडेवर पडणारा उजेड, खुर्चीवर विसावलेला हात, मागे उघडे राहिलेले दार, शेजारी पहुडलेले कुत्रे यांतून त्याने त्या मुलांची मनोवस्था सांगितली.

या घटकात आपण व्हेलास्केझचे चरित्र पाहणार आहोत. मात्र ते त्याने रंगवलेल्या मुलांच्या चित्रांना मध्यभागी ठेवून पाहणार आहोत. शक्य असेल तर उल्लेखिलेली चित्रे ग्रंथालयातील कलाविषयक ग्रंथात किंवा मोबाईलवर समोर ठेवून हा घटक वाचा.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ सेव्हिलमधील घडण

दिएगो व्हेलास्केझचा बाप्तिस्मा ६ जून १५९९ रोजी दक्षिण स्पेनमधील सेव्हिल या शहरात झाला. वडिलांचे घराणे मूळ पोर्तुगालमधील. दिएगो हे त्यांचे थोरले अपत्य. त्या प्रदेशातील रूढीनुसार त्याने आईचे आडनाव धारण केले आणि पुढे जग त्याला त्याच नावाने ओळखू लागले. त्या काळी सेव्हिल हे अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराचे मोठे केंद्र होते. जहाजांतून येणारी चांदी, श्रीमंत मठ, गजबजलेले बाजार आणि रस्त्यांवर पोट भरणारी गरीब मुले, असे सारे त्या शहरात एकत्र नांदत होते.

१६११ मध्ये फ्रान्सिस्को पाचेको या चित्रकाराकडे शिष्य म्हणून राहण्याचा त्याचा करार झाला. मुदत सहा वर्षांची होती. पाचेको हा चित्रकार म्हणून मध्यम प्रतीचा, परंतु विद्वान आणि उदार मनाचा गुरू होता. त्याच्या घरी कवी, धर्मशास्त्रज्ञ व कलावंत यांची ऊठबस असे. १६१७ मध्ये व्हेलास्केझला स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याचा परवाना मिळाला आणि पुढील वर्षी पाचेकोच्या मुलीशी, हुआनाशी, त्याचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या. थोरली फ्रान्सिस्का जगली; धाकटी इग्नासिया मात्र बालपणीच वारली.

पाचेकोने चित्रकलेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. १६४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात त्याने आपल्या जावयाविषयी एक महत्त्वाची नोंद केली आहे. शिकत असताना व्हेलास्केझने खेड्यातील एका मुलाला मोबदला देऊन आपल्यासमोर बसवण्यासाठी ठेवले होते. तो मुलगा कधी रडण्याचा, कधी हसण्याचा आविर्भाव करी आणि व्हेलास्केझ निळ्या कागदावर कोळशाने त्याचा चेहरा रेखाटी. उजेड पडलेल्या जागा तो पांढऱ्या रंगाने उठवी. या नोंदीकडे नीट लक्ष द्या. भाव आणि प्रकाश यांचा अभ्यास त्याने एकाच वेळी, एकाच मुलाच्या चेहऱ्यावर केला. चेहऱ्याचा स्नायू हलला की त्यावरील उजेडाची जागा बदलते, हे त्याने तेथे हाताने शिकून घेतले.

या काळातील दोन चित्रांत असा लहान मुलगा दिसतो. १६१८ मधील ‘अंडी शिजवणारी वृद्धा’ या चित्रात एका हाती कलिंगडासारखे मोठे फळ आणि दुसऱ्या हाती काचेची सुरई घेतलेला मुलगा उभा आहे. थोड्या नंतरच्या ‘पाणीवाला’ या चित्रात एक मुलगा वृद्ध पाणीवाल्याच्या हातून पाण्याचा पेला घेतो आहे. दोन्ही चित्रांत प्रकाश एका बाजूने, तीव्रतेने येतो आणि मागचा भाग गडद अंधारात राहतो. मातीच्या भांड्याचा ओलावा, काचेची चमक आणि मुलाचा गाल यांना चित्रकाराने सारख्याच बारकाईने न्याय दिला आहे. मुले हसत नाहीत की रडत नाहीत. हातातल्या कामात ती गुंतलेली आहेत. या चित्रांतील प्रकाश वस्तूंना घट्ट, ठोस आकार देणारा आहे. पुढे हाच प्रकाश कसा सौम्य व चंचल होत गेला, ते आपल्याला पाहायचे आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) व्हेलास्केझने चित्रकलेचे शिक्षण कोणाकडे घेतले?
(आ) खेड्यातील मुलाच्या रेखाटनांत त्याने कोणत्या दोन गोष्टींचा एकत्र अभ्यास केला?

४.२.२ दरबारात प्रवेश आणि पहिला राजपुत्र

१६२१ मध्ये चौथा फिलिप वयाच्या सोळाव्या वर्षी स्पेनच्या गादीवर आला. त्याचा प्रमुख मंत्री ओलिव्हारेस याचे सेव्हिलशी जवळचे संबंध होते. १६२३ मध्ये व्हेलास्केझला माद्रिदला बोलावणे आले. त्याने केलेले राजाचे व्यक्तिचित्र पसंत पडले आणि त्याच वर्षी राजाचा चित्रकार म्हणून त्याची नेमणूक झाली. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्यानंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षे, तो या एकाच राजाच्या सेवेत राहिला.

येथे दरबारी बालचित्राचे प्रयोजन समजून घेणे आवश्यक आहे. राजघराण्यातील मुलाचे चित्र ही केवळ घरगुती आठवण नसे. गादीला वारस आहे आणि तो सुदृढ आहे, याची ती ग्वाही असे. मुलगी असेल तर तिचे चित्र परदेशातील नियोजित वरपक्षाकडे पाठवले जाई. दोन-तीन वर्षांच्या मुलालाही प्रौढांचा पोशाख, कमरेला तलवार आणि हातात अधिकारदंड देऊन उभे केले जाई. चित्राने राज्याच्या वतीने बोलायचे असे आणि त्या बोलण्यात मुलाला स्वतःचा आवाज नसे.

१६२९ मध्ये व्हेलास्केझ राजाच्या परवानगीने इटलीला गेला. तेथे त्याने टिशियन आदी व्हेनिसच्या चित्रकारांच्या कलाकृती जवळून पाहिल्या. तो प्रवासात असतानाच, ऑक्टोबर १६२९ मध्ये, राजपुत्र बाल्तासार कार्लोसचा जन्म झाला. १६३१ च्या प्रारंभी परतल्यावर व्हेलास्केझने या राजपुत्राचे चित्र रंगवले. आज ते बॉस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. लहानगा राजपुत्र पायरीवर उभा आहे. एक हात तलवारीच्या मुठीवर, दुसऱ्या हातात दंड, अंगावर जरतारी पोशाख आणि त्यावर तांबडा पट्टा. त्याच्यापुढे दरबारातील एक बुटक्या शरीराची बालवयीन व्यक्ती खुळखुळा आणि सफरचंद घेऊन चालता चालता मागे वळून पाहते आहे.

हे चित्र लक्षपूर्वक पाहिले तर त्यातील योजना ध्यानात येते. राजचिन्हे राजपुत्राच्या हाती आहेत आणि खेळणी दुसऱ्याच्या. हालचाल दुसऱ्याच्या वाट्याला आली आहे, स्थिरता राजपुत्राच्या. चित्रकाराने दरबाराची अट तंतोतंत पाळली. मात्र राजपुत्राच्या चेहऱ्यावर त्याने मऊ, सावलीविरहित उजेड टाकला. भरजरी कपड्यांच्या वजनदार झगमगाटात तो लहानसा, फिकट चेहरा अलगद वेगळा उठतो. राजाचा वारस कपड्यांत दिसतो आणि बाळ चेहऱ्यावरील उजेडात.

१६३४-३५ च्या सुमारास माद्रिदजवळील बुएन रेतिरो राजवाड्याच्या दालनासाठी त्याने याच राजपुत्राचे घोड्यावरील चित्र केले. ते आई-वडिलांच्या अश्वारूढ चित्रांच्या मध्ये, दारावर उंच लावायचे होते. म्हणून घोड्याचे पोट खालून पाहणाऱ्याच्या दृष्टीने फुगीर रंगवले आहे. पाच-सहा वर्षांचा मुलगा दौडत्या घोड्यावर ताठ बसला आहे आणि मागे ग्वादारामा पर्वताच्या निळसर रांगा व थंड आकाश आहे. सेव्हिलमधील अंधारी खोली मागे पडून चित्रात मोकळी हवा आली आहे. टोपीच्या काठामुळे चेहऱ्याच्या वरच्या भागावर हलकी, पारदर्शक सावली पडते. आकाशाचा परावर्तित उजेड त्या सावलीतही शिरतो. हे उघड्या हवेतील तेज मुलाच्या गंभीर चेहऱ्याला उत्साह देते. त्यासाठी ओठांना हसावे लागत नाही.

याच सुमारास रंगवलेल्या शिकाऱ्याच्या वेषातील चित्रात तो सहा वर्षांचा आहे. त्याच्या शेजारी एक मोठा कुत्रा निवांत झोपला आहे. झाडाखालचा करडा, शांत उजेड आणि झोपलेले कुत्रे यांमुळे बंदूक धरलेल्या त्या मुलाभोवती एका निवांत दुपारचे वातावरण तयार होते.

या राजपुत्रावर साऱ्या राज्याची आशा होती. १६४४ मध्ये त्याची आई, राणी इसाबेल, मरण पावली. ऑक्टोबर १६४६ मध्ये, सतरावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, तोही आजारपणात मृत्यू पावला. गादीला पुरुष वारस उरला नाही.

४.२.३ मार्गारिता : तीन पोशाख, तीन प्रकाश

बाल्तासार कार्लोसशी ऑस्ट्रियाच्या मारियाना या राजकन्येचा विवाह ठरला होता. ती राजा फिलिपची भाची होती. मुलगा गेल्यावर १६४९ मध्ये राजाने स्वतःच तिच्याशी विवाह केला. वधू चौदा वर्षांची होती, वर चव्वेचाळीस वर्षांचा. स्पेन आणि ऑस्ट्रिया येथील हाब्सबर्ग घराण्याच्या दोन शाखा पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच सोयरिकी करीत आल्या होत्या. राजाच्या दोन्ही विवाहांतील बहुतेक मुले बालपणीच दगावली. चित्रातील प्रत्येक मुलामागे ही काळजी उभी होती.

१६४९ ते १६५१ या काळात व्हेलास्केझ दुसऱ्यांदा इटलीत होता. तेथे त्याने पोप दहावा इनोसंट याचे सुप्रसिद्ध व्यक्तिचित्र केले. आपला सहायक हुआन दे पारेहा याचेही चित्र त्याने १६५० मध्ये तेथेच रंगवले. पारेहा हा त्याचा गुलाम होता आणि त्याच्या मुक्ततेच्या दस्तऐवजावर व्हेलास्केझने त्याच वर्षी सही केली. माणसाच्या चेहऱ्याची प्रतिष्ठा इतक्या खोलवर जाणणारा हा चित्रकार आपल्या काळाच्या चालीरीतींच्या बाहेरचा नव्हता, हे चरित्राच्या अभ्यासकाने विसरू नये.

तो जून १६५१ मध्ये परतला आणि पुढच्याच महिन्यात राजकन्या मार्गारिताचा जन्म झाला. आईचा भाऊ असलेल्या लिओपोल्डशी तिचा विवाह व्हावा, अशी योजना लहानपणापासूनच आखली गेली. त्यामुळे ती कशी वाढते आहे, हे व्हिएन्नाच्या दरबाराला कळवण्यासाठी तिची चित्रे पाठवली जात. गुलाबी पोशाखातील चित्र सुमारे १६५३-५४ चे, पांढऱ्या पोशाखातील १६५६ चे आणि निळ्या पोशाखातील १६५९ चे. ही तीनही चित्रे आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहेत.

पहिल्या चित्रात मार्गारिता अडीच-तीन वर्षांची आहे. एक हात तिने टेबलाच्या कडेवर टेकवला आहे, दुसऱ्या हातात मिटलेला पंखा आहे. टेबलावरील काचेच्या पात्रात फुले आहेत आणि एक-दोन फुले खाली पडली आहेत. पोशाखावरील चंदेरी कलाकुसर जवळून पाहिल्यास केवळ तुटक, भराभर मारलेले फटकारे दिसतात. चार पावले मागे सरकले की तेच फटकारे जुळून रेशीम होतात. चेहरा मात्र अतिशय पातळ रंगात, जवळजवळ कडा न ठेवता घडवला आहे. लहान मुलाच्या गालाला आणि कपाळाला जशी निश्चित कडा नसते, तशीच ती येथेही नाही. फुलांवर आणि मुलीवर पडणारा उजेड एकच आहे. ताजेपणा आणि नाजूकपणा हे भाव तिच्या मुद्रेतून न येता या एकत्र उजळण्यातून येतात.

निळ्या पोशाखातील मार्गारिता आठ वर्षांची आहे. दोन्ही बाजूंना पसरलेला प्रचंड घेरदार झगा, एका हातात तपकिरी फरचे हातमोजासारखे वेष्टन आणि मागे अंधूक दिसणारे दालन. निळ्या आणि चंदेरी रंगांवरून थंड उजेड ओघळतो आहे. पहिल्या चित्रातील ऊब येथे ओसरली आहे. चेहऱ्याची ठेवण फारशी बदललेली नाही. बदलले आहे ते तिच्याभोवतीचे तापमान. पाच-सहा वर्षांत ती मुलगी किती दूर, किती एकटी उभी राहू लागली, हे रंगांच्या थंडाव्यातून आपल्याला कळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) मार्गारिताची चित्रे व्हिएन्नाला का पाठवली जात?
(आ) गुलाबी व निळ्या पोशाखातील चित्रांच्या वातावरणात कोणता फरक जाणवतो?

४.२.४ ‘लास मेनिनास’

१६५२ पासून व्हेलास्केझकडे राजवाड्याच्या व्यवस्थेचे वरिष्ठ पद होते. दालनांची सजावट, राजाच्या प्रवासातील मुक्कामाची सोय अशा कामांत त्याचा पुष्कळ वेळ जाई. त्यामुळे उत्तरकाळात त्याने मोजकीच चित्रे केली. त्यांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत प्रसिद्ध चित्र म्हणजे १६५६ मधील ‘लास मेनिनास’. या नावाचा अर्थ राजकन्येच्या सख्या किंवा सेविका. सुमारे ३१८ सेंटिमीटर उंच आणि २७६ सेंटिमीटर रुंद असे हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

मध्यभागी पाच वर्षांची मार्गारिता उभी आहे. एक सखी गुडघा टेकून तिला तांबड्या मातीचे पाण्याचे पात्र देते आहे, दुसरी किंचित झुकली आहे. उजवीकडे दरबारातील दोन बुटक्या व्यक्ती. त्यांपैकी एक झोपाळू कुत्र्यावर पाय ठेवून त्याला डिवचते आहे. डावीकडे भल्यामोठ्या कॅनव्हासपाशी स्वतः व्हेलास्केझ कुंचला घेऊन उभा आहे. मागच्या भिंतीवरील आरशात राजा-राणी अस्पष्ट दिसतात आणि त्यांच्या शेजारच्या उघड्या दारात, उजेडाच्या चौकटीत, दरबारातील एक अधिकारी पायऱ्यांवर थबकला आहे.

या चित्रात राजा कोठे उभा आहे, मोठ्या कॅनव्हासवर काय रंगवले जाते आहे, यांवर विद्वानांनी पुष्कळ चर्चा केली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने प्रकाशाची वाट महत्त्वाची आहे. उजव्या बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड सरळ राजकन्येवर पडतो. तिचे फिकट सोनेरी केस आणि पांढरा झगा हा चित्रातील सर्वांत उजळ भाग आहे. त्यानंतर उजेड विरत जातो. खोलीचा वरचा अर्धा भाग करड्या अंधारात आहे आणि खोलवर मागच्या दारात तो उजेड पुन्हा एकदा उगवतो. या दोन उजेडांच्या मधल्या अंधुकपणात हवा आहे, धूळ आहे, कोणीतरी आत्ताच बोलून थांबल्याची शांतता आहे. राजकन्येचे शरीर एका दिशेला, नजर दुसरीकडे. पाणी समोर आले आहे, पण तिचे लक्ष त्याकडे नाही. मुलाचे लक्ष असेच क्षणात दुसरीकडे जाते. तो क्षण चित्रकाराने पकडला. चेहरा शिष्टाचार पाळतो आहे. मान आणि उजेड मात्र मूलपण पाळत आहेत.

ही खोली कोणती, हेही जाणून घ्यायला हवे. ती राजवाड्यातील बाल्तासार कार्लोसच्या दालनांपैकी होती. ज्या राजपुत्राला व्हेलास्केझने लहानपणापासून रंगवले, तो जाऊन दहा वर्षे झाली होती. त्याच्या रिकाम्या झालेल्या दालनात त्याची सावत्र बहीण आता उजेडात उभी होती. चित्रकाराने याविषयी कोठे काही नोंदवलेले नाही, आणि चित्रात शोकाचे एकही चिन्ह नाही. पण ही माहिती मिळाल्यावर त्या खोलीतील अंधार आपल्याला पूर्वीइतका रिकामा वाटत नाही.

४.२.५ फेलिपे प्रोस्पेरो

नोव्हेंबर १६५७ मध्ये राजाला पुन्हा मुलगा झाला. त्याचे नाव फेलिपे प्रोस्पेरो. तो जन्मापासून अशक्त होता. १६५९ मध्ये, तो दोन वर्षांचा होत असताना, व्हेलास्केझने त्याचे चित्र केले आणि तेही व्हिएन्नाला रवाना झाले.

तांबड्या पोशाखावर पांढरे वस्त्र घातलेला हा राजपुत्र एका लहान मखमली खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा आहे. त्याच्या कमरेभोवती छोटी घंटा आणि ताईत लटकत आहेत. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे गालावर काजळाची तीट लावतात, त्याच भावनेने ते ताईत बांधलेले आहेत. राजपुत्राच्या हाती येथे तलवार नाही, दंड नाही. खुर्चीवर एक लहान पांढरे कुत्रे विसावले आहे. हे कुत्रे चित्रकाराच्या जिव्हाळ्याचे होते, असे १७२४ मध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध करणाऱ्या पालोमिनोने नोंदवले आहे. मागे गडद अंधार, तांबड्या रंगाची खोल छाया आणि एका उघड्या दारातून येणारा मंद उजेड.

हे चित्र पाहणाऱ्याला प्रथम दिसतात ते दोन उजळ ठिपके : मुलाचा फिकट चेहरा आणि कुत्र्याचे पांढरे डोके. कुत्र्याचे डोळे थेट आपल्याकडे रोखलेले, जिवंत, चमकदार. मुलाची नजर शांत, काहीशी थकलेली. खुर्चीवरचा हात इतका सैल आहे की तो टेकला आहे असे म्हणण्याऐवजी ठेवला गेला आहे असे म्हणावेसे वाटते. सभोवतालच्या तांबड्या रंगामुळे त्या हाताचा पांढरेपणा अधिकच जाणवतो. चित्रकाराने अश्रू रंगवले नाहीत, आजार रंगवला नाही. एका अंधाऱ्या, भारदस्त दालनात एका लहान जिवापाशी किती थोडा उजेड आहे, एवढेच त्याने दाखवले.

फेलिपे प्रोस्पेरो १ नोव्हेंबर १६६१ रोजी, चार वर्षे पूर्ण होण्याच्या आत, मरण पावला. येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. हा मृत्यू आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्या चेहऱ्यात मृत्यूची छाया पाहण्याचा मोह होतो. चित्र रंगवताना मात्र तो मुलगा जिवंत होता आणि पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नव्हते. चित्रात दिसतात ते अशक्तपणा, ताईत, मोठ्यांची काळजी आणि एक सोबतीचे कुत्रे. शोक आपण आणतो. चित्रात काय आहे आणि आपण त्यात काय मिळवतो, ही सीमारेषा स्पष्ट ठेवली तरच चित्राविषयीचे लेखन विश्वसनीय होते. ती ठेवल्यावर चित्राचा परिणाम कमी होत नाही. उलट, ज्याच्याकडे सारे राज्य वारस म्हणून पाहत होते, त्याच्याकडे कोणीतरी एक दोन वर्षांचे मूल म्हणून लक्ष देऊन पाहिले, ही गोष्ट अधिक ठळक होते.

४.२.६ अखेर आणि नंतर

नोव्हेंबर १६५९ मध्ये व्हेलास्केझला सान्तियागो या सरदारांच्या प्रतिष्ठित संघात प्रवेश मिळाला. हाताने काम करणाऱ्या चित्रकाराला असा मान मिळणे त्या काळी अवघड होते. ‘लास मेनिनास’मधील चित्रकाराच्या छातीवर दिसणारा तांबडा क्रूस हे याच संघाचे चिन्ह असून ते चित्र पूर्ण झाल्यानंतर रंगवले गेले. जून १६६० मध्ये फ्रान्सच्या सीमेवरील एका बेटावर राजकन्या मारिया तेरेसा हिला फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या स्वाधीन करण्याचा समारंभ झाला. त्याच्या सजावटीची जबाबदारी व्हेलास्केझवर होती. परतल्यावर तो आजारी पडला आणि ६ ऑगस्ट १६६० रोजी माद्रिदमध्ये त्याचे निधन झाले. आठ दिवसांनी त्याची पत्नी हुआनाही वारली.

मार्गारिताचा विवाह १६६६ मध्ये, ठरल्याप्रमाणे, सम्राट लिओपोल्डशी झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १६७३ मध्ये, व्हिएन्नातच तिचा अंत झाला. तिचा धाकटा भाऊ दुसरा कार्लोस १७०० मध्ये निपुत्रिक मरण पावला आणि स्पेनमधील हाब्सबर्ग घराण्याची सत्ता संपली. ज्या वंशाच्या निरंतरतेची ग्वाही देण्यासाठी ही बालचित्रे रंगवली गेली, तो वंशच उरला नाही. १७३४ च्या नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदचा राजवाडा आगीत भस्मसात झाला. ‘लास मेनिनास’ वाचवण्यात यश आले; परंतु चित्राला हानी पोहोचली आणि राजकन्येचा डावा गाल पुन्हा रंगवावा लागला.

पुढे गोयाने या चित्राचे अम्लरेखन केले, एकोणिसाव्या शतकात माने या फ्रेंच चित्रकाराने व्हेलास्केझला गुरुस्थानी मानले आणि १९५७ मध्ये पिकासोने ‘लास मेनिनास’वर आधारित चित्रांची मोठी मालिका केली. राज्याचा पुरावा म्हणून या चित्रांचे काम केव्हाच संपले. तरीही ती पाहिली जातात, कारण राज्याला नको असलेली एक गोष्ट चित्रकाराने त्यांत जपून ठेवली होती.

४.३ सारांश

व्हेलास्केझच्या आयुष्याचा मार्ग सेव्हिलच्या बाजारातून राजवाड्यापर्यंत गेला. त्याच्या चित्रांतील प्रकाशाचाही असाच एक प्रवास आहे. प्रारंभी तो वस्तूंना ठोस आकार देई. बाल्तासार कार्लोसच्या चित्रांत त्यात मोकळी हवा आली. मार्गारिताच्या चित्रांत तो रंगांची ऊब आणि थंडावा बनला. ‘लास मेनिनास’मध्ये त्याने एक क्षण धरून ठेवला आणि फेलिपे प्रोस्पेरोच्या चित्रात तो अगदी थोडा, जपून वापरावा असा उरला. दरबाराने मुलांचे चेहरे गप्प केले होते. चित्रकाराने नियम मोडला नाही; चेहऱ्याभोवतीच्या उजेडाला मात्र त्याने बोलू दिले. म्हणूनच ही मुले आज आपल्याला राजपुत्र आणि राजकन्या म्हणून नंतर, आणि मुले म्हणून आधी भेटतात.

४.४ पारिभाषिक शब्द

व्यक्तिचित्र : विशिष्ट व्यक्तीचे रूप व स्वभाव दर्शवणारे चित्र.
छायाप्रकाश : उजेड व सावली यांच्या मांडणीतून आकार आणि वातावरण निर्माण करण्याची पद्धती.
परावर्तित उजेड : आकाश, वस्त्र किंवा भिंत यांवरून उलटून सावलीच्या भागात येणारा उजेड.
फटकारा : कुंचल्याने एका हालचालीत उमटवलेला रंगाचा ठसा.
अम्लरेखन : धातूच्या पत्र्यावर अम्लाच्या साहाय्याने रेखाटन कोरून त्याचे ठसे काढण्याची पद्धती.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) फ्रान्सिस्को पाचेको याच्याकडे. (आ) चेहऱ्यावरील भाव आणि त्यावर पडणारा प्रकाश.
प्रश्न – २ : (अ) नियोजित वरपक्षाला तिच्या वाढीची माहिती देण्यासाठी. (आ) पहिल्यात ऊब व ताजेपणा, दुसऱ्यात थंडावा व एकटेपणा.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. दरबारी बालचित्राचे प्रयोजन सांगून व्हेलास्केझने त्या मर्यादेत राहून काय साधले, ते सोदाहरण लिहा.
२. ‘लास मेनिनास’मधील प्रकाशयोजनेचे वर्णन तुमच्या शब्दांत करा.
३. तुमच्या घरातील किंवा परिचयातील लहान मुलाचे एक जुने छायाचित्र घ्या. त्यातील उजेड, परिसर आणि हातांची ठेवण यांचे सुमारे दोनशे शब्दांत वर्णन करा. प्रथम केवळ छायाचित्रात दिसते तेवढेच लिहा. त्यानंतर वेगळ्या परिच्छेदात त्या मुलाविषयी तुम्हांला ठाऊक असलेले लिहा. दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचा आणि कोणती वाक्ये चुकून पहिल्या परिच्छेदात शिरली आहेत, ते तपासा.